जिभेवरची पायरी

सकाळचे सात वाजले होते आणि मी उपाशीपोटी खुर्चीत बसून होते. साखर आणि थायरॉइड, दोन्हीसाठी रक्त द्यायचं होतं. लॅबची मुलगी अगदी वेळेवर आली. पांढरा एप्रन, पाठीवर निळी सॅक, केस घट्ट बांधलेले. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. चपला तिने दाराबाहेर, पार भिंतीच्या कडेला काढल्या. मी म्हटलं, "या, बसा." तिने दंडाला रबराचा पट्टा बांधला, "मूठ आवळा मॅडम" म्हणाली आणि कोपराच्या लवणीत बोटाने शीर चाचपू लागली. माझी शीर लवकर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं, हे मी सांगून ठेवलं. "बघू या," ती म्हणाली, आणि पहिल्याच खेपेला नळीत रक्त आलं. मला फार बरं वाटलं. "हात हलका आहे हो तुमचा. कुठे राहता तुम्ही?" "जनता वसाहतीत." "अरे वा, आमच्या पोळ्यांच्या मावशी तिथल्याच." ती नळीवर लेबल चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "हो. मी त्यांचीच मुलगी."

"अगंबाई, तू मावशीची लेक का! मग आधी नाही का सांगायचं? थांब, चहा टाकते. घेशील ना?"

"नको मॅडम, अजून चार घरं करायचीत. तुम्ही पाच मिनिटं कापूस दाबून धरा."

ती गेली. मी कापूस दाबून बसले आणि मनात तेच दोन संवाद पुन्हा पुन्हा वाजत राहिले. "कुठे राहता तुम्ही?" आणि "चहा घेशील ना?" या दोहोंच्या मध्ये अर्धं मिनिटही गेलं नव्हतं. तेवढ्यात तिचं वय कमी झालं नव्हतं, शिक्षण कमी झालं नव्हतं, हात तितकाच हलका होता. बदललं होतं एवढंच की ती कोणाच्या पोटची आहे हे मला कळलं होतं. आणि माझ्या जिभेने मला न विचारता तिला एक पायरी खाली उतरवलं होतं.

दिवसभर मी स्वतःची वकिली करत राहिले. अगं, ते प्रेमाने होतं. ओळखीची निघाली म्हणून जवळीक वाटली. मराठीत जवळच्या माणसाला तूच म्हणतात. आईला तू म्हणतो, देवाला तू म्हणतो. हे सगळं खरंच आहे, आणि त्यामुळेच ही गोष्ट मला सहज सोडून देता येईना. कारण मी दुसराही हिशेब मांडून पाहिला. समजा, ती म्हणाली असती की मी अमुक डॉक्टरांची मुलगी, तुमच्या शेजारच्या इमारतीतल्या. तेव्हाही ओळख निघाली असती, आनंदही तेवढाच झाला असता. पण मी कदाचित म्हटलं असतं, "हो का, अहो मग बाबांना नमस्कार सांगा." मग हे तू नेमकं कुठून आलं?

आपल्या भाषेत हा एकच शब्द माजघरातही असतो आणि उंबऱ्याबाहेरही. सगळ्यात जवळच्याला तू आणि सगळ्यात खालच्यालाही तू. म्हणून तर बोलणाऱ्याला स्वतःलाच फसवता येतं. आपण माजघरातलं तू देतो आहोत असं वाटत असतं आणि समोरच्याच्या हातात मात्र बाहेरचं पडतं.

मला हे शिकवलं कोणी? सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजीकडे सरपण फोडायला एक म्हातारे गृहस्थ यायचे. आजोबांहूनही वयाने मोठे असावेत. दाढीचे पांढरे खुंट, अंगावर मळकी बंडी, कुऱ्हाड उचलली की छातीतून निघणारा हुं असा आवाज. काम झालं की ते ओट्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसत. आजी वरच्या पायरीवरून त्यांच्या ओंजळीत भाकरी टाकायची, आणि चहासाठी त्यांचा कान तुटलेला कप वळचणीला ठेवलेला असायचा. त्यांच्या नावाला शेवटी 'या' लावून आजी हाक मारायची. मी पाच-सहा वर्षांची असेन, मीही तशीच हाक मारत असे. तीच मी, गावातल्या शिंप्याला काका म्हणायची, पोस्टमनला अहो म्हणायची. मोठ्या माणसाला अरे-तुरे करायचं नाही, म्हणून मी एकदा सणसणीत चापट खाल्ली होती. पण या माणसाला तसं बोलल्याबद्दल मला कोणी कधी रागावलं नाही. नियम कुठे लागू आहे आणि कुठे संपतो, हे मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. तरी मी एकदाही चुकले नाही. पाच वर्षांच्या पोरीला पाढे धड येत नव्हते, पण हे बिनचूक येत होतं. त्यांचं नाव मी इथे लिहू शकत नाही, कारण ते मला ठाऊकच नाही. मला ठाऊक आहे ते मोडलेलं नाव.

ते मला "ताईसाहेब, तुम्ही" म्हणायचे.

नावाला 'या' लावून ते मोडायचं, आणि ज्याचं मोडलंय त्याने मोडणाऱ्याला मान द्यायचा, हे किती शतकं चाललं कोण जाणे. अभिवादनाचेही हक्क वाटून दिलेले होते. 1779 साली पुण्याच्या पेशवे दरबाराच्या सांगण्यावरून मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांना 'नमस्कार' हा शब्द वापरायला मनाई केली होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटेना. नमस्कार! बातम्या याच शब्दाने सुरू होतात, दूधवाला याच शब्दाने बिल देतो, माझ्या प्रत्येक ईमेलची सुरुवात याच शब्दाने होते. या शब्दासाठी एका जातीला सरकारी हुकूम काढून गप्प करावं लागलं होतं. आणि महारांनी नमस्कारही नाही, रामरामही नाही, 'जोहार मायबाप' म्हणायचं, तेही वाकून. त्या काळच्या माणसाला कोणी विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, हे असंच असतं, याच्याशिवाय गावगाडा चालणार नाही. पण जोहार गेला. मायबाप म्हणवून घेणाऱ्यांचं मन पाघळलं म्हणून तो गेला नाही. ज्यांना तो म्हणायला लागत होता त्यांनी एक दिवस तो म्हणायचा बंद केला आणि त्याच्या जागी 'जय भीम' आणलं. कामठीच्या बाबू हरदासांनी ते रूढ केलं असं मानतात. आता हे अभिवादन पाहा: दोघंही तेच शब्द म्हणतात, मान ताठ ठेवून म्हणतात, आणि ऐकणाराही तेच शब्द परत देतो. गावगाडा त्याने काही थांबला नाही.

माझा धाकटा भाऊ याबाबतीत माझ्याशी नेहमी वाद घालतो. तो म्हणतो, समाज म्हटला की संकेत आलेच, आणि संकेत काही तर्काने जन्मत नाहीत. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, याला काय मोठं कारण आहे? पण तो नियम नसेल तर माणसं मरतील. त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. स्वीडनमध्ये पूर्वी डाव्या बाजूने गाड्या चालत. 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे पाच वाजता सगळ्या देशाने बाजू बदलली आणि उजवीकडून चालायला लागला. म्हणजे नियम हवा होता, पण हाच हवा असं नव्हतं. मात्र डावी-उजवी बाजू ट्रकवाल्याला आणि मोटारवाल्याला सारखीच पडते. डावीकडून चालल्याने कोणाची मान खाली जात नाही. तू आणि तुम्ही यांचं तसं नाही. इथे एकाच रस्त्यावर काहींनी कायम चढ चढायचा आणि काहींनी कायम उतारावरून यायचं, असा नियम आहे. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प बसला, मग म्हणाला, "पण आदर नको का?" हवा ना. मला तुम्ही हा शब्द फार आवडतो. दोन अनोळखी माणसं एकमेकांना तुम्ही म्हणतात तेव्हा त्यांच्यामध्ये एक स्वच्छ जागा तयार होते. दोन मैत्रिणी एकमेकींना तू म्हणतात तेव्हा ती जागा नाहीशी होते, आणि तेही सुंदरच. माझी तक्रार शब्दांविषयी नाहीच. जो शब्द आपण देतो तो परत येतो की नाही, एवढंच मला बघायचं आहे.

त्याच 1967 साली स्वीडनच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख झालेल्या ब्रूर रेक्सेड यांनी जाहीर केलं होतं, की मी सगळ्या कर्मचाऱ्यांना 'तू' म्हणणार. तोवर तिथे हुद्द्याने आणि आडनावाने बोलायची पद्धत होती. थोड्याच वर्षांत तिथे सगळ्यांनी सगळ्यांना तू म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे असं एका झटक्यात होईल असं मला वाटत नाही, आणि व्हावं असंही नाही. आपल्याकडे या गोष्टी घराघरांतून, एकेका जिभेवरून सरकतात.

माझ्या आईने वडिलांना आयुष्यभर अहो म्हटलं आणि वडील तिला अगं म्हणाले. आम्ही मुलंही तसंच बोलायचो: बाबा आले, आई आली. बाबांना अनेकवचन आणि आईला एकवचन. व्याकरणाच्या तासाला बाई आदरार्थी बहुवचन शिकवत, तेव्हा वर्गातल्या एकाही मुलीने विचारलं नाही की मग आईला ते का लागत नाही. मीही विचारलं नाही. आईला तू म्हणण्यात जो गोडवा आहे तो मला गमवायचा नाहीये. पण बाबांना तू म्हणायचा गोडवा मला कधी मिळालाच नाही, याची हळहळ आता वाटते. शेजारच्या घरातला चार वर्षांचा मुलगा "अरे बाबा, ऐक ना" म्हणत बापाच्या पाठीवर चढतो तेव्हा मी खिडकीतून बघत राहते. त्या बापाचा मान कुठेही कमी झालेला दिसत नाही. त्याला फक्त हात लावता येतो.

नाव घेणं तर आईच्या लेखी उखाण्यापुरतंच होतं. वडील गेले त्यानंतर महिनाभराने आम्ही दोघी एका कचेरीत वारसनोंदीसाठी गेलो होतो. पंखा करकरत होता, फायलींना ओलसर वास येत होता. कारकुनाने फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं, "मयताचं नाव?" आईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून हेच ठरलेलं होतं. जनगणनेवाला येवो की रेशनवाला, आई माझ्याकडे बघायची आणि मी नाव सांगायची. त्या दिवशी माझा गळा दाटून आला होता, मला बोलताच येईना. क्षणभर कोणीच काही बोललं नाही. मग आईने सांगितलं. पहिलं नाव, मग सासऱ्यांचं नाव, मग आडनाव. अगदी हळू, एकेक अक्षर जपून, जसं बाळाला पाळण्यात ठेवतात. एकेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाचं नाव ती उखाण्याशिवाय पहिल्यांदा उच्चारत होती, आणि ते ऐकायला तो माणूस नव्हता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "छान नाव होतं गं."

यावर मी काय बोलणार होते?

माझ्या लग्नात नाव बदलायचा विषय निघाला तेव्हा मी नाही म्हटलं. तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरं नाव काढायचं राहिलं. नवऱ्याला मी कॉलेजपासून अरे म्हणत होते, ते चालूच ठेवलं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "खोलीत काय म्हणायचं ते म्हण, चारचौघांत तरी अहो म्हण." पहिली दोन वर्षं मी तसं केलं. खोलीत अरे, स्वयंपाकघरात अहो. एकच माणूस आणि उंबरा ओलांडला की दुसरंच क्रियापद. मग कधीतरी घाईत, पाहुण्यांसमोर, अरे निघून गेलं. कोणी काही बोललं नाही आणि दोन वर्षांची कसरत तिथेच संपली. सासूबाईंना मात्र मी शेवटपर्यंत 'अहो आई' म्हणत राहिले. आई या शब्दाला अहो चिकटवलं की ती दुसऱ्याची आई होते, हे त्यांनाही कळत असेल. शेवटच्या आजारपणात त्यांना भरवताना एकदा माझ्या तोंडून "आई, एवढा घास घे गं" असं निघालं. त्यांनी घास घेतला. पुढच्या घासाला मी परत अहोवर आले. का आले, मला आजही सांगता येणार नाही. भीती कोणाची होती?

वारीच्या वाटेवर मी एकदा तीन दिवस चालले आहे. पालखी पुण्यातून निघाली की दिवे घाटाच्या चढाला माणसांची नुसती लाट असते. तिथे सगळ्यांना एकच हाक, माउली. "माउली, जरा सरका." "माउली, पाणी आहे का?" कलेक्टर असो, भाजी विकणारी असो, ट्रॅफिक हवालदार असो, सगळे माउली. माणसं एकमेकांच्या पाया पडतात, आणि ज्याच्या पाया पडलो तो लगेच वाकून आपल्या पाया पडतो. माझ्या पाया एक सत्तरीच्या आजी पडल्या तेव्हा मी इतकी गडबडले की मागे सरले. त्यांनी माझा हात धरून मला वाकवलं, म्हणजे मी त्यांच्या पाया पडावं म्हणून. परतफेड राहायला नको. जिथे हाक मारायची पद्धत इतकी सरळ करता येते, तिथे ती बदलत नाही असं कोणी कसं म्हणावं? आणि तरीही, तिसऱ्या दिवशी मी घरी परतले, मावशीने दार उघडलं, आणि मी म्हटलं, "मावशी, पाणी दे गं." माउली घाटातच राहिली होती.

संतांच्या मेळ्यात जनाबाई आहे. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी दासी. ती विठ्ठलाला रागाने 'विठ्या' म्हणते. त्याच्या नावाला तोच 'या' लावते, जो आजी त्या सरपण फोडणाऱ्या म्हाताऱ्यांच्या नावाला लावायची. मला जनीचं हे धाडस फार जवळचं वाटतं. आयुष्यभर स्वतः मोडकं नाव वागवणाऱ्या बाईने ते मोडणं उचललं आणि थेट विटेवरच्या देवाच्या गळ्यात घातलं. आणि तो देव तिच्यासोबत जात्यावर दळायला बसतो अशी आपली श्रद्धा आहे. म्हणजे तिचं तू त्याने परत दिलं.

रक्ताच्या तपासणीनंतर आठवड्याभराने मी ठरवलं की मावशीला तुम्ही म्हणायचं. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी आहे. अकरा वर्षं ती येते आहे. मावशीला तूच म्हणतात, हे माझं समर्थन होतं. पण माझी सख्खी मावशी मलाही तू म्हणते, ही मात्र "ताई, तुम्ही" म्हणते. म्हणून मी सकाळी म्हटलं, "मावशी, आज कणीक थोडी कमी भिजवा. आणि तुम्ही चहा घ्या आधी." तिचा लाटणं धरलेला हात थांबला. "काय झालं ताई? माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही, काही नाही. ती दोन पोळ्या लाटेपर्यंत गप्प होती. मग तव्याकडे बघत म्हणाली, "एकदम असं परक्यासारखं बोलायला लागलात म्हणून विचारलं." मला काय बोलावं सुचेना. मी वर उचलायला गेले आणि तिला मी दूर ढकलल्यासारखं वाटलं. मग मी दुसरी वाट धरून पाहिली: "मग तुम्ही पण मला तू म्हणा." ती मोठ्यांदा हसली. "अहो, जीभ वळायची नाही माझी." गॅसवर पोळी फुगली, तिने ती चिमट्याने उलटली, आणि विषय तिथेच राहिला. मी मात्र तुम्ही सोडलं नाही. पहिले काही दिवस ती प्रत्येक वेळी क्षणभर थबकायची. आता थबकत नाही. आवडतं की नाही, ते तिने सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा थायरॉइड तपासायचं होतं. तीच मुलगी आली. तीच निळी सॅक. मी दार उघडून म्हटलं, "या." ती थोडीशी हसली, मागचं तिच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. मावशीही त्या दिवशी लवकर आली होती. ती कणकेच्या हातानेच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "नीट काढ गं, दुखवू नको त्यांना." मुलगी पट्टा बांधता बांधता म्हणाली, "आई, तू जा बरं आत. मला नको शिकवू." मावशी खुदकन हसून आत गेली. त्या दोघींमध्ये तो शब्द किती मोकळा ये-जा करत होता. मी मूठ आवळून बसले होते.

या वेळीही एकदाच टोचावं लागलं. नळीवर लेबल लावताना तिने माझं पूर्ण नाव आणि वय पुन्हा विचारून घेतलं. तसा नियमच असतो. मी सांगितलं, आणि मग विचारलं, "आणि तुमचं?" मागच्या वेळी मी ते विचारलंच नव्हतं. ती कोणाची हे कळल्यावर त्याची गरजच वाटली नव्हती. तिने नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. "आता सरकारी कागदांवर नव्या बाळांचं असंच लिहितात ना, 2024 पासून. माझ्या कागदांवर नाहीये, पण मी म्हणताना असंच म्हणते."

माझ्या फोनमध्ये मावशीचा नंबर 'पोळ्या मावशी' असा आहे. पगार पाकिटात घालून देते, पाकिटावर काही लिहीत नाही. अकरा वर्षं रोज सकाळी जिने माझ्या घरात पीठ मळलं, तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, तेही तिच्या लेकीच्या नावाच्या मधोमध. आतून लाटण्याचा आवाज येत होता. मी कापूस दाबून धरला होता आणि ते नाव मनातल्या मनात म्हणून बघत होते.